मंगळवारचा क्लास

"तुझा क्लास ऑनलाइन की ऑफलाइन गं यंदा?" असं सांगलीच्या मामींनी मध्यंतरी फोनवर विचारलं आणि मी आधी त्या शब्दावरच अडकले. ऑफलाइन! भारतात आता सगळेच असं म्हणतात. म्हणजे माणसं एका खोलीत समोरासमोर बसली, की जणू काही नेटवर्क गेलं म्हणून नाइलाजाने बसली आहेत. इथे अमेरिकेत त्याला 'इन-पर्सन' म्हणतात. असो. मी म्हटलं, "अजून ठरत नाहीये हो." तर म्हणाल्या, "अगं, त्यात ठरवायचं काय? थंडीत कशाला बाहेर पडतेस, घरातूनच घे की!" तेव्हा मी काहीतरी हं हं केलं आणि विषय बदलला, कारण खरं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आता ठरलंय, म्हणून इथे लिहिते आहे. मामी वाचतीलच. (मामी, चष्मा लावून बसा, लांबलंय जरा. :))

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. दर मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेआठ मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. नोकरी नाही, हौसेचं काम आहे. वर्गात आठ-दहा जण असतात. कोणी मेक्सिकोचं, कोणी एक्वादोरचं, एखादी चिनी आजी, आणि एडिसन म्हटल्यावर दोन-तीन गुजराती मंडळी असणारच. कोणालाही 'तुमचे कागद दाखवा' असं आम्ही विचारत नाही. नाव सांगायचं आणि बसायचं.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि आम्ही झूमवर गेलो. नंतर खोली परत मिळाली, पण झूम काही गेला नाही. आता दर सत्राच्या आधी प्रत्येक शिक्षकाने कळवायचं असतं, की तुमचा वर्ग पडद्यावर की खोलीत? माझ्याकडे आठवड्यातली एकच संध्याकाळ मोकळी असते. त्यामुळे दोन्ही घेते म्हणायची सोय नाही.

दोन्ही एकदम का नाही, असं नवऱ्याने लगेच विचारलं. (तो इंजिनियर आहे, त्याला दोन पर्याय दिसले की तिसरा काढायची खोड आहे.) तर ते २०२३ मध्ये आमच्याकडे सत्रभर करून पाहिलं. टेबलाच्या टोकाला लॅपटॉप, त्यात चार चेहरे, आणि खोलीत सहा माणसं. खोलीतली हसली की लॅपटॉपमधली विचारणार, काय झालं? फळ्यावर लिहिलं की त्यांना दिसत नाही, त्यांना दिसेल असं लिहिलं की खोलीतल्यांना माझी पाठ. तीन आठवड्यांत लॅपटॉपमधल्या चार जणांचे दोन झाले. लग्नात दाराशी बसवलेल्या पाहुण्यांसारखी त्यांची गत झाली होती हो. जेवण तेच, पण वाढपी तिथवर पोचेपर्यंत श्रीखंड संपलेलं!

आता शिकवायच्या दृष्टीने काय बरं, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. अगदी सुरुवातीच्या माणसाला खोलीच बरी. आणि याचं कारण 'समोरासमोर जिव्हाळा वाटतो' वगैरे नाही, साधं यंत्रासारखं कारण आहे. खोलीत पाच जोड्या एकदम बोलू शकतात. मी "तुम्ही काल काय केलंत?" असा प्रश्न देते, सगळे एकमेकांकडे वळतात, खोलीत माशांसारखी गुणगुण सुरू होते आणि मी मधे उभी राहून पाचही संभाषणं अर्धीअर्धी ऐकत असते. उजवीकडून 'आय गोड' ऐकू आलं की तिकडे सरकायचं. झूमवर एका वेळी एकच आवाज चालतो. दोन आले की दोघेही थांबतात, मग दोघेही "सॉरी, यू" म्हणतात. जोड्या करायला वेगळ्या खोल्या असतात त्यात, पण एका खोलीत शिरलं की उरलेल्या चार ठिकाणी काय चाललंय ते कळत नाही. बरेचदा दोघंजण गप्प बसलेली सापडतात, एकाचा कॅमेरा बंद.

बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो, हे दहा वेगवेगळ्या भाषांमध्ये मोजलं गेलं होतं. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी साधारण एका सेकंदाचा पाचवा भाग! डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. आता त्यात इंटरनेटचा उशीर मिसळा. नवशिक्याला आधीच वाक्य जुळवायला चार सेकंद लागतात, त्यात पलीकडची शांतता ही विचार करण्याची की फोन अडकल्याची हेच कळत नाही. मग तो म्हणतो, "हॅलो? हॅलो? टीचर?" आणि जुळवलेलं वाक्य सांडून जातं.

दुसरी गोष्ट तोंडाची. ऐकणं फक्त कानाने होत नाही. १९७६ मध्ये मॅक्गर्क आणि मॅकडॉनल्ड या दोघांनी एक गमतीचा प्रयोग छापला होता. आवाज 'बा'चा आणि व्हिडिओत ओठ 'गा'चे, असं दाखवलं तर बहुतेकांना 'डा' ऐकू येतं. म्हणजे डोळे कानाला फसवतात, तसे मदतही करतात. आपल्या मराठी माणसाला हे सांगायला नको. आपला 'व' एकच. इंग्रजीत मात्र एक 'व' वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हणायचा आणि दुसरा ओठांचा चंबू करून. मी स्वतः इथे आल्यावर हे शिकले, तेही कानाने नाही, समोरच्या बाईंच्या ओठांकडे बघून. स्पॅनिश बोलणाऱ्यांचा घोळ आणखी वेगळा, त्यांचे 'ब' आणि 'व' एकमेकांत गेलेले असतात. म्हणून मी वर्गात पावडरच्या डबीतले छोटे आरसे वाटते. लोक आधी लाजतात, मग हसतात, मग दात ओठावर टेकतात.

पण इथे एक गंमत सांगायला हवी, नाहीतर मी एकाच बाजूने बोलते असं होईल. २०२१ च्या पानगळीत आम्ही खोलीत परतलो तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. ओठ दिसणार कुठून! त्या सत्रात झूमवरच्या वर्गाला माझं तोंड अगदी जवळून, पडद्याएवढं दिसत होतं आणि खोलीतल्यांना फक्त डोळे आणि कापड. तेव्हा उच्चारांसाठी पडदा खोलीपेक्षा सरस होता. तेव्हा खोली म्हणजे नेहमीच वरचढ असं काही नाही. खोलीत काय दिसतं आणि ऐकू येतं, यावर ते आहे. आणि पडदा म्हटलं तरी कोणाचा पडदा? माझ्यासमोर सव्वीस इंची स्क्रीन असते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांसमोर काच तडकलेला फोन असतो. मी हौसेने बनवलेलं रंगीत चित्र तिथे टपाल तिकिटाएवढं दिसतं. शिवाय मागचा गोंगाट गाळायची जी सोय असते ती कधीकधी शब्दाच्या शेवटचा 'स' पण गाळते, आणि मग एकवचन-अनेकवचन शिकवायचं कसं?

आमचे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकले. अर्ज असा लिहायचे की कलेक्टर कचेरीत कोणाची चूक काढायची टाप नव्हती. पण कोणी इंग्रजीत बोलायला आलं की आजोबा मागच्या दाराने गोठ्यात. आमच्या वेळी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून झालं ते २००० साली), आणि आम्हीही 'बोलणं' म्हणजे धडा मोठ्याने वाचणं असंच समजत होतो. दुरून शिकणं आपल्याला नवीन नाही, एवढंच म्हणायचंय. दुरून जे येतं ते येतं, आणि जे येत नाही ते अगदी ठरावीक असतं.

तर मग खोली, ठरलं. इतकं सोपं असतं तर मामींना फोनवरच सांगितलं असतं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे तिशीची, दोन लेकरांची आई. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातली. (स्पेलिंग बघून कोणी असा उच्चार करणार नाही, मीही बरेच दिवस ओअक्साका म्हणत होते.) इथून जवळच्या न्यू ब्रन्सविक गावात वाहाकाची पुष्कळ माणसं आहेत. तिची मायबोली स्पॅनिश नाही, सापोतेक आहे. स्पॅनिश ती शाळेत शिकली. म्हणजे इंग्रजी तिची तिसरी भाषा, माझ्यासारखीच. टर्नपाइकच्या आठ-अ नंबरच्या एक्झिटजवळ जी मैलोनमैल गोदामं आहेत त्यातल्या एकात ती संध्याकाळच्या पाळीला असते. गाडी नाही. दहा-बारा जण मिळून एका व्हॅनला पैसे देतात, ती सोडते आणि आणते. मंगळवारी सात वाजता तिची जेवणाची सुट्टी असते, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ती बाहेर व्हॅनमध्ये येऊन बसते, फोन पुढच्या सीटच्या खाचेत अडकवते आणि वर्गात येते. मांडीवर डबा. साडेसातला जाते. दीड तासातला तिच्या वाट्याला एक तृतीयांश वर्ग येतो, आणि दोन वर्षांत तिने तीनदा दांडी मारली असेल. खोलीतल्या सत्रांमध्ये निम्मे लोक पावसाने सुद्धा गळतात.

खोलीत क्लास घेतला तर ती येऊच शकत नाही. कमी येईल असं नाही, शून्य.

आणि ती एकटी नाही. २०२५ च्या जानेवारीत सरकारने शाळा, प्रार्थनास्थळं, दवाखाने अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचा जुना नियम मागे घेतला. त्यानंतर आमच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. ज्यांचे कागद अगदी चोख आहेत अशीही माणसं नवऱ्यासाठी, भावासाठी घाबरलेली. संध्याकाळी बाहेर कशाला पडा? झूमवर तीच माणसं कॅमेरा बंद ठेवून येत होती. नाव सुद्धा बदललेलं. एक जण 'आयफोन' या नावाने सत्रभर आला, मी त्याला मिस्टर आयफोन म्हणायचे आणि तो प्रामाणिकपणे उत्तर द्यायचा. अशा माणसाला ओठांचे फायदे कसे समजावणार?

हे सगळं एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात बा आहेत.

बा अडुसष्ट वर्षांच्या. मेहसाण्याकडच्या. २०१७ मध्ये मुलाने ग्रीन कार्डावर आणलं. मला टीचरबेन म्हणतात आणि वर्गाला येताना खाखरे आणतात. गुजराती भराभर वाचतात, हिंदीही वाचतात, पण रोमन अक्षर हातात धरवत नाही. त्यांना नागरिकत्वाची परीक्षा द्यायची आहे. "दीकराकडे आहे, मग मला पण पाहिजे," एवढंच कारण सांगतात. वय पाहून इंग्रजी माफ होईल असं सगळ्यांना वाटतं, पण ती माफी नुसत्या वयाची नाही. पंचावन्नच्या वर वय आणि पंधरा वर्षांचं ग्रीन कार्ड, किंवा पन्नाशीच्या वर वय आणि वीस वर्षं, असा हिशोब आहे. बांची पंधरा वर्षं भरेपर्यंत त्या पंचाहत्तरीत असतील. म्हणजे इंग्रजीत बोलायचं, एक वाक्य वाचून दाखवायचं, एक वाक्य ऐकून लिहायचं. शिवाय देशाच्या माहितीचे प्रश्न. पूर्वी यादीत १०० प्रश्न होते, त्यातले १० विचारायचे आणि ६ यायला हवेत. २० ऑक्टोबर २०२५ पासून जे अर्ज भरतात त्यांच्यासाठी यादी १२८ ची झाली, विचारतात २०, आणि १२ बरोबर यावे लागतात. बांचा अर्ज भरायचा राहिला होता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला नवीन यादी.

आणि ही परीक्षा झूमवर नसते. टेबलापलीकडे एक अधिकारी बसतो. अनोळखी, बहुधा भराभर बोलणारा. बांना प्रश्नांची उत्तरं पाठ आहेत हो, घरी नातीने घोटून घेतली आहेत. पण "प्लीज हॅव अ सीट" म्हटलं की त्या उत्तर देतात, "जॉर्ज वॉशिंग्टन"! हसू नका. टेबलापलीकडचा माणूस आता प्रश्न विचारतोय, की स्वागत करतोय, की कागद मागतोय, हे त्याच्या हाताकडे, मानेकडे बघून कळतं आणि ते कळायला टेबल लागतं. आम्ही ते करतोही. मी कोट घालून बसते, कोणीतरी दार वाजवून आत येतं, बसतं. झूमवर बा असतात तेव्हा अर्धा वेळ मला त्यांचं कपाळ आणि छतावरचा पंखा दिसतो. म्यूट काढायला नात लागते. नात क्लासला गेली की बा मुक्या. पेन्सिल धरून 'जे' कोणत्या बाजूला वळवायचा हे मी कॅमेऱ्यातून कसं दाखवणार? कॅमेऱ्यात तर माझी डावी उजवी पण उलटते.

दोन आठवडे माझं डोकं यातच. रात्री भांडी लावताना नवऱ्याशी वाद, म्हणजे मीच दोन्ही बाजूंनी बोलायचे आणि तो "बरोबर" म्हणायचा. कोणाला जास्त गरज आहे, असं तोलायला गेलं की तोलवत नाही. व्हॅनमधल्या मुलीला इंग्रजी आलं तर तिला गोदामात स्कॅनरवरून सुपरवायझरच्या जागी जाता येईल. बांना आलं तर त्यांना पासपोर्ट मिळेल. आता सांगा.

शेवटी मी गरज तोलायचंच सोडलं आणि वेगळा प्रश्न घेतला. यातलं काय दुसरं कोणी करू शकतं? झूमवर शिकवायला मीच लागत नाही. ओहायोत बसलेली निवृत्त बाई, टेक्सासातला कॉलेजचा मुलगा, कोणीही चालतं. आमच्या व्यवस्थापक बाईंकडे अशी नावं असतात, लांबून शिकवायला तयार असलेली. खोलीत मात्र जो सात वाजता त्या खोलीत पोचू शकतो तोच लागतो. एडिसनजवळ, गाडी असलेला, मंगळवार मोकळा असलेला, आणि जमलंच तर बांची गुजराती अर्धीमुर्धी समजणारा. असे आम्ही थोडेच आहोत. आता तर कमीच, कारण ज्याला त्याला घरातून घेणं बरं वाटतं (मामी, तुम्हाला नाही म्हणत!). म्हणून मी खोली कळवली.

हे गणित मला पटलं, पण त्याने सगळं भागतं असं नाही. दोन वर्षं व्हॅनमधून येणारी मुलगी म्हणजे रिकामी जागा नव्हे, की ही बाई काढली आणि ती लावली. ती माझ्या आवाजाला सरावली आहे. माझ्या 'व'ला सुद्धा! मी तिला आधी व्यवस्थापक बाईंकडून पक्कं करून घेतलं, गुरुवारी साडेसातचा झूमचा वर्ग, दुसऱ्या राज्यातल्या एक बाई घेतात, गुरुवारी तिची सुट्टी त्याच वेळी असते. मगच तिला फोन केला. स्पॅनिश आणि इंग्रजी मिसळून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. (फोन अडकला नव्हता.) मग विचारलं, "शी स्पीक फास्ट?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी त्यांना भेटलेले नाही. "ओके, माएस्त्रा," म्हणाली.

मिस्टर आयफोन पण गुरुवारी गेले. निरोप न घेता, त्यांच्या पद्धतीने.

सत्र सुरू होऊन चार आठवडे झाले. खोलीत कधी सात असतात, एकदा बर्फाच्या दिवशी तीन. बांचा अर्ज मुलाने भरला. 'जे' अजून उलटा येतो, पण दार वाजवून आत आल्यावर त्या आता "गुड इव्हिनिंग, ऑफिसर" म्हणतात आणि मी "प्लीज हॅव अ सीट" म्हटलं की खुर्ची ओढून बसतात. गेल्या वेळी बसून झाल्यावर त्यांनी मलाच खाखरा दिला. ऑफिसरला असं करायचं नाही, हे पुढच्या मंगळवारी घ्यायचं आहे.

व्हॅनमधली मुलगी व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते. पहिल्या आठवड्यात आलं, नवीन टीचर चांगल्या आहेत पण फार भराभर बोलतात. मी लिहिलं, त्यांना सांग. दुसऱ्या आठवड्यात काहीच आलं नाही. परवा आलं, मागे फोर्कलिफ्टचा टीं टीं आवाज आणि ती सावकाश एकेक शब्द ठेवत म्हणते आहे, की तिने त्यांना विचारलं, कॅन यू स्पीक मोअर स्लोली, प्लीज. दोनदा विचारावं लागलं म्हणाली. येत्या मंगळवारी पुन्हा बर्फ सांगितलंय आणि बांचा मुलगा त्या दिवशी गावाला आहे, म्हणजे त्यांना आणायला मलाच जावं लागेल असं दिसतंय.